पहिला हेल

“मला मुक्यानं धाडू नको,” नाना म्हणाले.

माय चुलीपुढं बसली होती. भाकरी थापत होती ती थापतच राहिली. मी बाजेच्या पायथ्याशी बसून नानांच्या सुजलेल्या पावलांना तेल चोळत होते. मायनं ऐकलंच नाही असं वाटून नानांनी पुन्हा, जरा जोर लावून सांगितलं, “वेशीपर्यंत तुपला आवाज यायला पाहिजे मपल्या मागं. त्याच्या पुढं काय व्हायचं ते हू दे.”

“ऐकलं,” माय म्हणाली. “बहिरी न्हाई मी.”

“मग बोल की काहीतरी.”

“भाकर करपंल.”

भाकरी काही करपत नव्हती. तवा नीट तापलासुद्धा नव्हता. मायनं फुंकणी उचलली आणि चुलीत फुंकत राहिली, धूर डोळ्यात जाईपर्यंत. नाना भिंतीकडं तोंड करून पडले. त्यांच्या पोटात पाणी भरत होतं. लातूरच्या डॉक्टरांनी दोनदा काढलं, तिसऱ्यांदा म्हणाले, आता घरी न्या, खाऊ वाटेल ते खाऊ घाला. मी माझ्या चार वर्षांच्या पोरीला, आर्वीला, घेऊन सासरहून आले होते ती त्यासाठीच. कुणी स्पष्ट बोलत नव्हतं, पण मी काय कामासाठी आलेय ते गल्लीतल्या कुत्र्यालाही कळत होतं.

आमच्याकडची पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे सांगायला पाहिजे. आमच्या गावात माणूस गेलं की बाया नुसत्या रडत नाहीत, हेल काढून रडतात. गेलेल्याला नात्यानं हाक मारायची, त्याचं काय काय होतं ते एकेक सांगायचं, आणि प्रत्येक हाकेला आवाज वर न्यायचा, तिथं जरा धरायचा आणि खाली सोडून द्यायचा. ह्याला गाणं म्हणाल तर बाया अंगावर येतील. पण चाल असते, आणि ज्या त्या बाईची आपली असते. मायची चाल तिला तिच्या आईकडून आली होती. गावात लांबून कानावर पडलं तरी लोक सांगायचे, ही गवळणबाई.

त्याचे नेम ठरलेले. आंघोळ होईपर्यंत कुणी आवाज काढायचा नाही, जीव अजून घरात घोटाळत असतो म्हणतात. तिरडीला हात लागला की पहिला हेल घरधनिणीचा. तो वरून खाली आला की मग बाकीच्या बायांनी गळा उघडायचा, त्याच्या आधी नाही, सख्ख्या बहिणीनंसुद्धा नाही. घरापासून वेशीपर्यंतचा रस्ता बायांचा. वेशीवर भजनी मंडळाचे टाळ सुरू होतात आणि बाया मागं फिरतात. आणि सगळ्यात मोठा नेम असा की हेल रिकामा काढायचा नसतो. मयत नसताना काढला तर हेल घरातलं माणूस मागतो.

त्या दुपारी भांडी घासताना माय मला म्हणाली, “कुशे, चाल गेली मपली.”

“कुठं जाईल? गळ्यातच आहे की.”

“गळ्यात हाय. मपली ऱ्हायली न्हाई.”

ती काय म्हणतेय ते मला चांगलंच कळत होतं.

सोपान माझा पाठचा भाऊ. रानात मोटर चालू करायला गेला आणि स्टार्टरला चिकटला. एकोणीस वर्षांचा पोरगा, ओठावर नुकतंच काळं फुटलेलं. त्या दिवशी मायनं जो हेल काढला तो ज्यांनी ऐकला ते अजून त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. तिरडी घेतलेले चौघं मारुतीच्या पाराजवळ उभेच राहिले होते. त्यांच्यानं पुढचं पाऊल टाकवेना. शेवटी म्हातारा पुजारी ओरडला तेव्हा हलले.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पुण्याहून कैवल्य नावाचा मुलगा आला. जात्यावरच्या ओव्या जमवत फिरत होता. पाठीवर गिटार, पिशवीत आवाज टिपायचं यंत्र. आमच्या घरी उतरला, कारण नाना भजनात पखवाज वाजवायचे आणि वाजवणारा माणूस दिसला की त्यांना सोयरा भेटल्यासारखं व्हायचं. मीही तेव्हा माहेरी होते, आर्वीच्या बाळंतपणाला. त्यानं गल्लीतल्या बायांच्या ओव्या घेतल्या, मायच्याही घेतल्या. चार घास जास्त खायला लागला, मायला ‘मावशी’ म्हणायला लागला. पोरगा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण त्यालाच शिव्या घालतो.

संध्याकाळी ओट्यावर बसून त्यानं गिटार वाजवून दाखवली. काहीतरी इंग्रजी होतं, संथ, तोंड पाडून म्हटलेलं. नाना म्हणाले, हे कुणाचं रं? तर म्हणाला, अमेरिकेतलं. तिकडं कापसाच्या रानात राबणारे, डोंगराच्या खाणीत उतरणारे लोक असं म्हणायचे. कुणाची बायको मेली, कुणाचा पोरगा परत आला नाही, त्याचं. आणि मग त्याच्यातूनच पुढचं सगळं निघालं, म्हणाला. सिनेमातलं, हॉटेलातलं, नाचायचं, सगळं. तुम्ही कुठलंही गाणं खणा काका, बुडाशी कुणीतरी रडत असतं.

नाना खूश. ते मांडीवर बोटं वाजवत होते. माय शेंगा फोडत बसली होती. ती हात न थांबवता म्हणाली, “मग त्या बाया पुढं कशावर रडल्या?”

“कोण बाया?”

“ज्यांचं रडणं लोकांनी नाचाया नेलं त्या. त्यांच्या घरी पुन्हा कुणी मेलं असंल की. तवा कशावर रडल्या?”

कैवल्य हसला. “हे कुणी विचारलंच नाही मावशी,” तो म्हणाला. नाना म्हणाले, हिचं असंच असतं, आणि विषय तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी नानांनीच काढलं, “ह्या पोराला सोपान्याचा हेल ऐकीव.”

मायच्या हातातलं सूप खाली आलं. “येड लागलं का तुमाला? रिकामा हेल काढत असतेत का? माणूस मागंल.”

“आपला मागून घेतला की त्यानं. आता काय उरलंय मागायला?”

“मी न्हाई काढणार.”

“गवळणे, ऐक. आपला सोपान कोण होता हे वेशीच्या पलीकडं कुणाला ठाऊक न्हाई. पाच वर्षांनी गावालाबी ठाऊक ऱ्हाणार न्हाई. ह्यो त्याचं नाव मुलखात नेईल. तेवढं तर करू दे मला त्याच्यासाठी.”

नाना हे हात जोडून म्हणाले. मी माझ्या बापाला देवाच्या मूर्तीपुढं सोडून कुणापुढं हात जोडताना त्याआधी बघितलं नव्हतं. माय उठली, आतल्या खोलीत गेली, भिंतीकडं तोंड करून बसली आणि तिनं हेल काढला. आरं माज्या सोन्याऽऽ, आरं माज्या सोपानाऽऽ. कैवल्यनं तो यंत्रात टिपला. संपल्यावर तो बाहेर जाऊन बराच वेळ आमच्या लिंबाखाली उभा राहिला.

त्यानं त्याचं गाणं केलं ते चांगलं केलं. मागं गिटार, जरा जरा, मायच्या आवाजाला कुठं धक्का न लावता. मायचं नाव घातलं, गावाचं घातलं, सोपानचंही घातलं. मोबाईलवर ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माय रडली आणि म्हणाली, बरं केलंय लेकरानं. नाना तर येईल त्याला थांबवून ऐकवायचे.

पण ते तिथं थांबलं नाही. कुण्या डीजेवाल्यानं त्यातला पहिला तुकडा कापून घेतला आणि खाली ढोल टाकला. तो कुठला, कोण, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कैवल्यनं फोन केले, भांडला, काही होईना. त्या एवढ्या मोठ्या हेलातली एकच हाक राहिली. आरं माज्या सोन्याऽऽ. सोपानचं नाव ठेक्यात बसत नसावं, ते गेलं. नाना ज्या नावासाठी हट्टाला पेटले होते नेमकं तेच गळालं.

हळदीला लावायला म्हणून ते गाणं असं काही चाललं की विचारू नका. त्याची एक रीत पडून गेली. हाक सुरू झाली की सगळ्यांनी दोन्ही हात वर करून उभं राहायचं, श्वास धरून. आवाज वर जातो, तिथं थांबतो, आणि खाली यायला लागला की धाडकन ढोल पडतो. मग काय नाचायचं ते नाचा. माझ्या सासरी नणंदेच्या हळदीला मला ओढून मध्ये उभं केलं, आमच्या वहिनीच्या आईचं गाणं म्हणून. मी नाचले. सासरच्या अंगणात चाळीस माणसांपुढं नाही कसं म्हणायचं? आणि खोटं कशाला सांगू, ढोल पडला की पाय आपोआप उचलतो. आर्वी तर बोलायच्या आधी त्या गाण्याला हात वर करायला शिकली.

नानांना त्याचंही काही वाटलं नाही. “कुठं का वाजंना,” म्हणायचे, “आवाज तर तुपलाच हाय.” मायनं मात्र मयतीला जाणं सोडलं. पूर्वी कुठं काही झालं की पहिला निरोप तिला यायचा. आता निरोप आला की तिचं डोकं दुखायचं, नाहीतर पायाला ठेच लागलेली असायची. लोकांना वाटलं, गाणं गाजलं म्हणून गवळणबाई चढून बसली.

तर असं सगळं होऊन गेलेलं, आणि नाना बाजेवर. आणि त्यांनी ते मागणं मागितलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या बळीरामकाकांच्या धाकट्याचं लग्न निघालं. काका स्वतः आले, बाजेजवळ बसले. म्हणाले, “निवृत्ती, पोरं डीजे लावायचा म्हणायलीत. तुपल्या तब्येतीला तरास व्हत असंल तर मी बंद करतो. माझा शब्द हाय.”

“लाव की,” नाना म्हणाले. “मपल्यापायी पोराची हळद कशाला सुनी करायलास?”

चारच्या सुमाराला सुरू झालं. आमची आणि त्यांची भिंत एक. ताटं खडखडत होती फळीवर. मायनं खिडकीत गोधडी कोंबली. नाना म्हणाले, काढ ती, गुदमरायला होतंय. मायनं काढली. मग बाकीची गाणी झाल्यावर ते आलं. आरं माज्या सोन्याऽऽ. भिंतीपलीकडं शंभर माणसं एकदम गप्प झाली. आर्वी नानांच्या उशाशी बाजेवर बसली होती, ती टुणकन उभी राहिली, दोन्ही हात वर. ढोल पडला आणि पोरगी नाचायला लागली. नाना तिच्याकडं बघून हसले. त्यांचा हात गोधडीवर होता, त्याची बोटं चालू झाली, धा धा तिरकिट काय असेल ते, सगळी जिंदगी त्या बोटांनी पखवाज वाजवलेला.

ते पुन्हा लागलं, आणि पुन्हा. बोटं चाललीच होती. मग मी बघितलं, नाना हसत नव्हते. ते आपल्या हाताकडं बघत होते. दुसऱ्या हातानं त्यांनी तो धरला. धरलेला हातसुद्धा आतल्या आत उडत होता.

“गवळणे,” त्यांनी हाक मारली. माय उंबऱ्यात उभी होती. “हात ऐकंना मपला.”

“झोपा तुमी.”

“ही सोपान्याची चाल हाय. मपल्या मेलेल्या लेकराची. आन मी ठेका धरायलोय.” त्यांना धाप लागली. “मपलं चुकलं गं.”

माय आली आणि बाजेवर बसली. मला कळायला लागल्यापासून ती नवऱ्याच्या बाजेवर चारचौघांत बसलेली मी पाहिली नव्हती. तिनं तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि दाबून धरला. “तुमचं एकट्याचं चुकलं व्हय? काढला तर मीच की.”

“तुला दुसरी चाल येती का?”

“चाल काय बाजारात भेटती?”

“मग कसं करशील?”

“करीन,” माय म्हणाली. “मुक्यानं न्हाई धाडणार. झोपा.”

असं तिनं सांगितलं खरं. पण त्यानंतर ती दुसरी चाल शोधायला लागली. हेल रिकामा काढायचा नाही, घरात माणूस आजारी असताना तर नाहीच, मग करणार काय? गोठ्यात धान्याची पत्र्याची कोठी होती, तेव्हा रिकामीच. एक दिवस शेण काढायला म्हणून गेली ती येईना. मी बघायला गेले तर माय कोठीत डोकं घालून वाकलेली, वरून पदर घेतलेला. आतून बारीक आवाज येत होता. जात्यावरची चाल लावून बघत होती, मग पाळण्याची, मग आरतीची. प्रत्येकीच्या शेवटी आवाज वळून त्याच जागी जायचा, वर, आणि माय तिथंच गपकन थांबायची. मी आवाज न करता मागं सरले. आपल्या आईला असं बघू नये कुणी.

नानांची बहीण, प्रयागआत्या, भेटायला आली होती. मीच तिला परसात नेऊन सगळं सांगितलं. आत्या रोखठोक बाई. ती मायला म्हणाली, “गवळणे, नेम राहू दे बाजूला. पहिला हेल मी काढते. लोकं दोन दिवस बोलतील, मग गप बसतील. मपला भाऊ हाय त्यो.”

“न्हाई वन्सं.”

“आगं तुला जमंना तर?”

“त्यांनी मला सांगितलंय,” माय म्हणाली. “तुमाला न्हाई.”

आत्या माझ्याकडं बघून मान हलवत राहिली. माय हट्टी होतीच, पण हा हट्ट नव्हता. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटत असूनही नवऱ्याचं शेवटचं काम दुसरीच्या हातात द्यायला तिचं मन तयार नव्हतं.

नाना सकाळी गेले, उन्हं अंगणात उतरता उतरता. चमच्यानं पाणी पाजलं, ते ओठाच्या कडेनं परत आलं. मायनं पदरानं पुसलं आणि डोळे मिटवले. कुणी आवाज काढला नाही. हां हां म्हणता अंगण भरलं. बळीरामकाका, भजनातले सगळे, पंचक्रोशीतले वाजवणारे. आत्या आली ती ओठ घट्ट मिटून आली. बाया भिंतीला लागून बसल्या. कालपरवाच ज्याचं लग्न झालं तो बळीरामकाकांचा पोरगा, हातावरची हळद अजून गेली नव्हती, तो आणि त्याचे मित्र खांदा द्यायला उभे होते.

आंघोळ घातली. नवं धोतर गुंडाळलं. बुक्का लावला. भजनी मंडळी टाळ घेऊन वेशीकडं पुढं गेली, ते तिथं थांबणार होते. मग चौघं खाली वाकले, तिरडीला हात लागला आणि सगळं अंगण मायकडं बघायला लागलं.

माय नानांच्या उशाशी होती. तिनं त्यांचा उजवा हात, तो पखवाजाचा, आपल्या दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं तिला जमणार नाही. पण तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला. अवो माज्या धन्याऽऽ. तोच आवाज, तीच चाल, आजीकडून आलेली. वर गेला आवाज, आणखी वर, आणि जिथं थांबायचा तिथं थांबला. सगळ्या अंगणानं श्वास धरला.

आर्वी माझ्या पुढ्यात उभी होती. तिनं दोन्ही हात वर केले.

मी तिचे हात खाली ओढले, पण मायनं बघितलं होतं. आणि आर्वीचं एकटीचं असतं तर लेकरू म्हणून सोडून दिलं असतं. तिरडीशी वाकलेल्या पोरांपैकी एकाची टाच उचलली गेली होती. भिंतीजवळच्या एका बाईचा हात मांडीवरून अर्धा उठला आणि तिनं तो दचकून पदराखाली घेतला. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, मायनं त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. सगळी माणसं नानांसाठीच आली होती, सगळ्यांचे डोळे भरलेले होते, आणि सगळी वाट बघत होती.

मायचा आवाज वरच तुटला. खाली आलाच नाही.

“सोड गं,” आत्या हळू म्हणाली. “गवळणे, सोड खाली. एवढं सोड.”

मायनं पदराचा बोळा करून तोंडात घातला. आत्यानं तोंड उघडलं, मायनं तिच्याकडं असं बघितलं की आत्याचंही तोंड मिटलं. पहिला हेल खाली आला नव्हता. बाकीच्या बाया गळ्याशी आलेलं गिळून बसल्या. चौघं वाकलेलेच होते, त्यांना उचलावं की नाही कळेना. शेवटी बळीरामकाकाच म्हणाले, “चला.”

नानांना आम्ही मुक्यानं नेलं. चपलांचा आवाज येत होता, मडक्यातल्या विस्तवाचा तडतड आवाज येत होता. मारुतीच्या पाराजवळ कुणी थांबलं नाही. वेशीवर भजनी मंडळी गप्पा मारत उभी होती. बायांचा आवाज नाही म्हणजे अजून निघाले नसतील असं त्यांना वाटलेलं. तिरडी अगदी समोर आली तेव्हा त्यांची धांदल उडाली, आणि टाळ सुरू झाले ते सुद्धा मागंपुढं. आम्ही बाया तिथून परत फिरलो.

दुपारी माणसं नदीवरून आली, लिंबाचा पाला चावून आपापल्या घरी गेली. बळीरामकाकांच्या घरून पिठलं-भाकरी आली. आत्या पलीकडच्या खोलीत पडून होती. माय थंड चुलीपुढं बसलेली, डोळे कोरडे.

“कुशे.”

“काय गं?”

“मी थांबले तवा तुला काय ऐकू आलं?”

“काही नाही. सगळे गप्पच होते.”

“खरं सांग.”

मी भाकरीवरचं फडकं सरळ करत राहिले.

“मला आला,” माय म्हणाली. “ढोल. वरून सोडायच्या आत पडला, हितं.” तिनं छातीवर हात ठेवला. “म्हणून थांबले. म्हटलं थांबले तर थांबंल. तर थांबल्यावरबी पडला. त्यांना उचललं तवाबी चालूच होता. पार वेशीपर्यंत वाजत होता मपल्या डोक्यात.” तिनं माझ्याकडं बघितलं. “तुला आला का?”

आर्वीचे हात मी खाली ओढले होते ते आठवलं. ओढले होते त्या वेळी ढोल पडावा तसा मातीवर पडलेला माझा पाय मला आठवला.

“आला,” मी म्हटलं.

मायनं मान हलवली. “मला वाटलं मलाच,” ती म्हणाली.

मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि आर्वीला हाक मारून भरवला. पोरगी जवळ गेली तशी तिला मांडीवर घेतलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरले. आर्वीनं जरा ओढाताण केली, कुरकुर केली आणि शेवटी तशीच झोपली. माझी माय त्यानंतर बरीच वर्षं जगली, पण गावात कुणीही गेलं तरी तिचा आवाज पुन्हा कुणी ऐकला नाही. त्या दिवशी उन्हं कलेपर्यंत ती तिथंच बसून होती, आणि झोपलेल्या लेकराचे हात तिनं सोडले नव्हते.